एका शब्दावर अडलेले खटले: पॉक्सोचा अर्थ न्यायालयं कसा लावतात

२३ डिसेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या उन्नावच्या अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कार प्रकरणातला दोषी, माजी आमदार कुलदीपसिंह सेंगर याच्या जन्मठेपेला अपील प्रलंबित असेपर्यंत स्थगिती दिली आणि देशभर एकच गदारोळ उठला. २९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशालाच स्थगिती दिली. मधल्या दिवसांत वाहिन्यांवर कोण कोणाला पाठीशी घालतंय यावर भरपूर आरडाओरडा झाला. उच्च न्यायालयासमोरचा मुद्दा मात्र अगदी अरुंद होता: बालकांवरच्या लैंगिक अपराधांसाठीच्या पॉक्सो कायद्यात ‘लोकसेवका’ला जास्त शिक्षा आहे, त्या शब्दात आमदार बसतो की नाही?

अनेकांना हे ऐकूनच संताप आला. लहान मुलीवर अत्याचार झालाय आणि हे शब्दाचा कीस काढत बसलेत! संताप समजण्यासारखा आहे. पण पॉक्सोसारख्या कायद्यात शब्दाचा कीस काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि तो कसा काढायचा याची न्यायालयांनी घालून घेतलेली काही शिस्त आहे. ती कळली, तर पुढच्या वेळी अशी बातमी आल्यावर न्यायालयाचं नेमकं कुठे चुकलं (किंवा चुकलं नाही) हे आपलं आपल्यालाही सांगता येईल.

कायदा तर स्पष्ट लिहिलेला असतो. मग अर्थ लावायचा प्रश्न येतोच कुठे?

पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा केंद्रीय कायदा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू आहे. आपल्याकडच्या इतर फौजदारी कायद्यांच्या मानानं तो बराच नीट लिहिलेला आहे. तरीही वाद होतातच, कारण कायदा लिहिणाऱ्याला उद्या घडणारी प्रत्येक घटना आज दिसत नाही.

एखाद्या सोसायटीच्या गच्चीच्या दारावर पाटी आहे असं समजा: ‘येथे पापड, कुरडया, सांडगे किंवा इतर काहीही वाळत घालू नये. दंड ५०० रुपये.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तिथे गोधडी वाळत घालतात. सेक्रेटरी म्हणतात, ‘इतर काहीही’ म्हणजे काहीही, गोधडीसुद्धा. काकू म्हणतात, आधीची सगळी नावं खायच्या वस्तूंची आहेत, तेव्हा ‘इतर काहीही’ म्हणजे इतर खायच्या वस्तू. तिसरा शेजारी विचारतो, पाटी लावली कशासाठी होती? कावळे-कबुतरं येऊन घाण करतात म्हणून असेल, तर गोधडीला हरकत नाही. पण आग लागली तर गच्ची मोकळी हवी म्हणून असेल, तर गोधडीही नको. यावर काकूंचा शेवटचा डाव: पाटी नीट लिहिली नाही ही तुमची चूक, तिचा दंड मी का भरू?

न्यायालयात थोड्या जड भाषेत हेच चालतं. सेक्रेटरी शब्दशः अर्थ लावतात. काकूंचा पहिला युक्तिवाद ‘सजातीय शब्दांचा’ नियम म्हणून ओळखला जातो: यादीच्या शेवटी आलेला मोघम शब्द आधीच्या शब्दांच्याच जातीचा धरायचा. शेजारी हेतूनुसार अर्थ लावतो. आणि काकूंचा शेवटचा मुद्दा म्हणजे फौजदारी कायद्यातलं जुनं तत्त्व: शिक्षा देणाऱ्या कायद्यात खरोखरच संदिग्धता असेल, तर तिचा फायदा आरोपीला. या चारही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण असतं ते यातली कोणती आधी आणि कुठपर्यंत चालवायची याचं.

नागपूरचा निकाल आणि कलम ७

१९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिलेला निकाल अनेकांना आठवत असेल. नागपुरात २०१६ साली एका माणसानं पेरू देतो असं सांगून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलं आणि कपड्यांवरून तिची छाती दाबली. सत्र न्यायालयानं पॉक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं घटना घडलीच नाही असं म्हटलं नाही. ती घडली हे मान्य करून, हा पॉक्सोमधला ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खालचा विनयभंग आहे, असं म्हटलं आणि शिक्षा एक वर्षावर आणली. कारण दिलं ते असं की कपड्याच्या आत हात घातल्याचा तपशील पुराव्यात नाही, आणि ‘शारीरिक संपर्क’ म्हणजे त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क.

हा अर्थ आला कुठून? त्यासाठी कलम ७ जरा जवळून पाहावं लागतं. त्या एका लांबलचक वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात काही अवयवांची नावं आहेत, त्यात स्तन आहेत. मुलाच्या त्या अवयवांना लैंगिक हेतूनं ‘स्पर्श’ करणं किंवा मुलाला तसा स्पर्श करायला लावणं हा गुन्हा आहे. मग ‘किंवा’ येतं आणि दुसरा भाग सुरू होतो: लैंगिक हेतूनं केलेलं, प्रवेश नसलेलं पण ‘शारीरिक संपर्क’ असलेलं इतर कोणतंही कृत्य. ‘शारीरिक संपर्क’ हे शब्द दुसऱ्या भागात आहेत. नागपूरच्या प्रकरणात ज्या अवयवाला हात लावला तो पहिल्या भागातच नावानिशी लिहिलेला होता. दुसऱ्या भागात जायची वेळच यायला नको होती. उच्च न्यायालयानं दुसऱ्या भागातले शब्द घेतले, त्यांना ‘थेट’ हे मूळ कायद्यात नसलेलं विशेषण जोडलं आणि तो अर्थ या घटनेला लावला. निकालात सजातीय शब्दांच्या नियमाचा आधार होता, आणि शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तितकाच कडक हवा, असंही म्हटलं होतं.

आठवडाभरात, २७ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयानं या निकालाला स्थगिती दिली. देशाचे तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः अपिलात उतरले. राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकारही होतंच. वेणुगोपाल यांनी मांडलेला एक मुद्दा इतका साधा होता की त्यावर उत्तर देणं अवघड होतं: उद्या कोणी शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून हेच केलं, तर या निकालाप्रमाणे तो सुटणार. (या सुनावणीत एक गंमतही झाली. एका बाजूनं गीता लुथरा आणि दुसऱ्या बाजूनं सिद्धार्थ लुथरा असे सख्खे बहीण-भाऊ उभे होते. न्यायमूर्तींच्याही ते लक्षात आलं.)

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठानं नागपूरचा निकाल रद्द केला आणि तीन वर्षांची शिक्षा कायम केली. मुख्य निकाल न्या. त्रिवेदी यांचा, न्या. भट यांचा स्वतंत्र पण सहमतीचा. म्हणणं थोडक्यात असं: या गुन्ह्याचा गाभा लैंगिक हेतू आहे, त्वचा नव्हे. स्पर्श कपड्यावरून झाला तरी स्पर्शच. आणि ज्या अर्थानं कायद्याचा हेतूच मोडीत निघतो, तो अर्थ घ्यायचा नसतो.

माझ्या मते या निकालाला हेतूपर्यंत जायची फारशी गरजही नव्हती. शब्दशः अर्थ घेऊनच नागपूरचा निकाल टिकत नाही, कारण ‘स्पर्श’ या शब्दाचा रोजचा अर्थ कपड्यापाशी थांबत नाही. गर्दीच्या बसमध्ये कोणी अंगाला हात लावला, तर बाई ‘माझ्या कपड्यांना हात लावला’ अशी तक्रार करत नाही.

पण संशयाचा फायदा आरोपीलाच द्यायचा ना?

द्यायचा. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. घटना घडली का, हाच माणूस होता का, हेतू तोच होता का, या बाबतीत रास्त संशय असेल तर आरोपी सुटतो. तो पुराव्याबद्दलचा संशय. शब्दाच्या अर्थाबद्दलचा संशय वेगळा. तिथेही आरोपीला झुकतं माप मिळतं, पण सर्वात शेवटी. आधी पूर्ण कलम वाचायचं, शेजारची कलमं पाहायची, कायदा कशासाठी आणला ते पाहायचं. एवढं सगळं करूनही दोन तितकेच सयुक्तिक अर्थ उरले, तरच आरोपीला सोयीचा अर्थ घ्यायचा. २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं: कायद्यात नसलेली संदिग्धता आधी आपणच तयार करायची आणि मग तिचा फायदा द्यायचा, असं चालणार नाही.

मग मुलांच्या बाजूनं शब्द हवा तितका ताणता येतो?

नाही. यासाठी २०१७ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला जुलैचा. सेरेब्रल पाल्सी असलेली एक स्त्री, वय ३८, पण मानसिक वय सहा ते आठ वर्षांच्या मुलीइतकं. तिच्यावर बलात्कार झाला. पॉक्सोत बालकाची व्याख्या ‘अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती’ अशी आहे. तिच्या आईचं म्हणणं होतं की ‘वय’ या शब्दात मानसिक वयही धरा आणि खटला पॉक्सोच्या विशेष न्यायालयात चालवा. पॉक्सोचा हेतू पाहिला तर हे म्हणणं किती जवळचं वाटतं! ज्या असहायतेपासून मुलांना वाचवायचं, तीच असहायता तिथे होती.

न्या. दीपक मिश्रा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी नकार दिला. हेतू पाहून अर्थ लावावा हे नरिमन यांनी सविस्तर मान्य केलं, त्याचा इतिहास सांगितला आणि मग तो कुठे थांबतो तेही सांगितलं. संसदेनं ‘अठरा वर्षं’ असा आकडा घातला आहे. मतिमंदत्वाचा आणि मानसिक आजाराचा विचार संसदेनं इतर कायद्यांत स्वतंत्रपणे केला आहे. म्हणजे ही गोष्ट तिला ठाऊक होती, तरी इथे घातली नाही. न्यायालयानं ती घातली, तर तो अर्थ लावणं राहत नाही, नवा कायदा लिहिणं होतं. निकाल वाचताना वाईट वाटतं. पण मला तो बरोबर वाटतो. एकदा ‘वय’ म्हणजे मानसिक वय म्हटलं, की उद्या एखाद्या आरोपीचा वकील सतरा वर्षांची मुलगी मनानं प्रौढ होती असं सांगत उभा राहील, आणि त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

दुसरा निकाल त्याच वर्षीचा, ११ ऑक्टोबरचा. दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये एक अपवाद होता: पत्नी पंधरा वर्षांच्या वरची असेल तर पतीनं केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. पॉक्सोच्या दृष्टीनं मात्र अठराच्या आतली प्रत्येक मुलगी बालकच. म्हणजे सोळा वर्षांच्या विवाहित मुलीच्या बाबतीत एक केंद्रीय कायदा गुन्हा म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो. न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी त्या अपवादातले ‘पंधरा’ हे ‘अठरा’ असे वाचायला सांगितले.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल: जुलैमध्ये आकड्याला हात लावायचा नाही म्हणाले, आणि तीन महिन्यांनी थेट आकडाच बदलला? प्रश्न रास्त आहे. फरक असा की ऑक्टोबरमध्ये न्यायालय केवळ शब्दाचा अर्थ लावत नव्हतं. तो अपवाद संविधानाच्या समानतेच्या आणि जीविताच्या हक्काला धरून आहे का, हे तपासत होतं, आणि तो तसा नाही म्हणून त्याचा तेवढा भाग कापत होतं. संसदेचा कायदा संविधानाविरुद्ध असेल तर तो खोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. संसदेनं न लिहिलेलं वाक्य त्यात भरण्याचा नाही. शिवाय आपण नवा गुन्हा निर्माण करत नाही, पॉक्सोत तो आधीपासून आहेच, असं सांगून निकाल पुढच्या काळापुरताच लागू केला गेला. कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी मागाहून शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० चं बंधन त्यामुळे पाळलं गेलं. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा हाच आकडा छापलेला आहे.

आमदार लोकसेवक कसा नाही?

पॉक्सोच्या कलम ५ मध्ये अत्याचार कोणत्या परिस्थितीत जास्त गंभीर धरायचा याची यादी आहे. पोलिसानं केला, लष्करातल्या माणसानं केला, लोकसेवकानं केला, इस्पितळाच्या किंवा शाळेच्या कर्मचाऱ्यानं केला तर शिक्षा वाढते. पण ‘लोकसेवक’ म्हणजे कोण, हे पॉक्सोत कुठेही लिहिलेलं नाही. त्याऐवजी कलम २ सांगतं की जे शब्द इथे समजावलेले नाहीत, त्यांचे अर्थ दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, बाल न्याय कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांतून घ्या.

२०१९ मध्ये सत्र न्यायालयानं सेंगरला लोकसेवक ठरवताना भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली व्याख्या वापरली. ती व्यापक आहे. खासदार त्या कायद्याखाली लोकसेवक ठरतात हे १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा आक्षेप असा की उसन्या अर्थासाठी पॉक्सोनं दिलेल्या यादीत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं नावच नाही. यादीत दंड संहिता आहे, आणि दंड संहितेच्या व्याख्येत आमदार येत नाही. याचा आधार आपल्या महाराष्ट्रातलाच: रामदास नायक विरुद्ध अ. र. अंतुले, १६ फेब्रुवारी १९८४, पाच न्यायमूर्तींचं पीठ.

अंतुले प्रकरण आठवणाऱ्यांना यातली खोच लगेच कळेल. मुख्यमंत्रिपद सोडल्यावरही अंतुले आमदार होते. त्यांचं म्हणणं होतं की आमदार हा लोकसेवक, आणि लोकसेवकावर खटला भरायला आधी सरकारी मंजुरी लागते. ती घेतलेली नाही, तेव्हा खटला चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आमदार लोकसेवक नाही, मंजुरीची ढाल मिळणार नाही, खटला चालवा. म्हणजे १९८४ मध्ये ‘लोकसेवक नाही’ हा अर्थ पुढाऱ्याला अडकवणारा होता. चाळीस वर्षांनी तोच अर्थ दुसऱ्या कायद्यात उसना गेला आणि दुसऱ्या पुढाऱ्याची सुटका सोपी करणारा ठरला. उसन्या व्याख्यांचा धोका याहून चांगल्या रीतीनं दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सेंगर लोकसेवक नाही असं धरलं, तर कलम ५ ची गंभीर छटा जाते आणि साध्या गुन्ह्याच्या शिक्षेचं कलम ४ उरतं. घटना २०१७ ची, तेव्हा कलम ४ ची किमान शिक्षा सात वर्षं होती, आणि सात वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता. स्थगितीचा आदेश या गणितावर उभा राहिला. (पीडितेच्या वडिलांच्या मृत्यूच्या वेगळ्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा असल्यानं तो प्रत्यक्षात बाहेर आला नाही.) सर्वोच्च न्यायालयाला नेमकी याच अर्थाची चिंता वाटली: साधा हवालदार लोकसेवक म्हणून जास्त शिक्षेला पात्र, आणि त्या हवालदाराला दम भरू शकणारा आमदार मात्र नाही?

इथे मी नागपूरच्या निकालाइतका ठाम नाही. उच्च न्यायालयानं कलम २ चा मजकूर जसा आहे तसा वाचला, त्यात स्वतःचं विशेषण घातलं नाही. पण कलम ५ ची सगळी यादी एका धाग्यात ओवलेली आहे: ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं केलेला अत्याचार. त्या यादीत ‘मुलाच्या संदर्भात विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेली व्यक्ती’ असाही एक खंड आहे. दिल्ली उच्च न्यायालयाला तोही प्रथमदर्शनी लागू वाटला नाही. मला वाटतं, ‘लोकसेवक’ ताणण्यापेक्षा त्या खंडाचा अर्थ नीट लावणं हा जास्त सरळ मार्ग आहे.

मोबाइलमधला व्हिडिओ ‘जवळ’ असणं म्हणजे काय?

हा प्रश्न आणखी नवा. जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका तरुणावरचा खटला रद्द केला. त्याच्या फोनमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती सापडल्या होत्या; पण त्यानं त्या कोणाला पाठवल्या नाहीत, खासगीत नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, असं न्यायालय म्हणालं. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी तो निकाल फिरवला.

त्यांनी पॉक्सोच्या कलम १५ ची तीन पोटकलमं सुटी करून दाखवली. प्रत्येक पोटकलम हा स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्यात असं साहित्य बाळगून, पाठवण्याच्या इराद्यानं ते न पुसणं किंवा त्याची खबर न देणं. दुसऱ्यात प्रत्यक्ष पाठवणं, दाखवणं, वाटणं किंवा त्याची तयारी करणं. तिसऱ्यात धंद्यासाठी साठवणं. पाठवलं नाही, पाठवायची तयारीही केली नाही, तर दुसरा गुन्हा झाला नाही, हे खरं. पण त्यानं पहिला आपोआप सुटत नाही. आता मनातला इरादा कसा सिद्ध करायचा? साहित्य ठेवून दिलं, पुसलं नाही, कळवलं नाही, या वागण्यावरूनच इराद्याचा अंदाज बांधता येतो, आणि कलम ३० नुसार तसा इरादा नव्हता हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. ‘बाळगणं’ याचा अर्थही केवळ फोनमध्ये उतरवून घेणं एवढाच नाही. एखाद्या गोष्टीवर आपलं नियंत्रण असणं आणि ते नियंत्रण आहे याची जाणीव असणं, एवढंही पुरतं. याच निकालात ‘बाल पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग न्यायालयांनी वापरू नये असं सांगितलं आहे, कारण त्यात मुलावर झालेला अत्याचार झाकला जातो.

शब्द लहान असला तरी वाद चुकत नाही. कलम ३ ‘तो’ या सर्वनामानं लिहिलेलं आहे, तेव्हा स्त्रीवर हा आरोप ठेवता येणार नाही, असा बचाव दिल्लीत झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो फेटाळला: कलमाची सुरुवात ‘एखादी व्यक्ती’ अशी आहे, आणि दंड संहिताच सांगते की ‘तो’ म्हणजे स्त्री किंवा पुरुष कोणीही.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे का?

अमेरिकेतही अगदी असाच आहे. तिथल्या एका संघराज्य कायद्यात, मुलांच्या शोषणाचं साहित्य बाळगणाऱ्याला आधी ‘गंभीर लैंगिक अत्याचार, लैंगिक अत्याचार किंवा अल्पवयीन व्यक्तीचा समावेश असलेलं लैंगिक गैरवर्तन’ या जातीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, तर किमान दहा वर्षांची कैद आहे. लॉकहार्ट नावाच्या आरोपीचा आधीचा गुन्हा प्रौढ स्त्रीविरुद्धचा होता. ‘अल्पवयीन व्यक्तीचा समावेश असलेलं’ हे शब्द तिन्ही गुन्ह्यांना लागतात की फक्त शेवटच्या? २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी ‘फक्त शेवटच्या’ असं ठरवलं. बहुमताचा निकाल न्या. सोनिया सोटोमेयर यांचा, विरोधी मत न्या. एलेना केगन यांचं. लोक रोजच्या बोलण्यात असं वाक्य कसं समजतात, यावरच दोघींचं एकमत नव्हतं.

संसद एकदाच नीट का लिहीत नाही?

लिहिते, पण उशिरा. पॉक्सोत २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, कलम १५ तेव्हाच आजच्या रूपात आलं आणि तरी पाच वर्षांत त्याच्या अर्थावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘लोकसेवक’ या शब्दाची संधी तर अगदी अलीकडे हुकली. २०२३ मध्ये दंड संहितेच्या जागी न्याय संहिता मंजूर झाली, पण लोकसेवकांची यादी जवळपास जुनीच उचलून ठेवली. ज्यांना त्या यादीत यायचं किंवा न यायचं आहे, तेच ती लिहिणार असले की असं होतं, ही माझी टिप्पणी, कायद्याची नाही.

शब्दावर एवढं काय अवलंबून असतं?

शिक्षेची वर्षं तर असतातच, पण त्याहून जास्त काहीतरी असतं. गुन्हा पॉक्सोत बसला, तर मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यावा लागतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं किंवा तिच्या वरच्या अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करावी लागते. आरोपीच्या वकिलाला मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारतात. न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर एका वर्षात खटला पूर्ण, असं कायदा सांगतो. आणि कलम २९ मुळे, आरोपाचा पाया सरकारी पक्षानं घातला की निर्दोष असल्याचं दाखवणं आरोपीवर येतं. त्या ३८ वर्षांच्या स्त्रीच्या आईला नेमकं हेच हवं होतं, आणि व्याख्येत न बसल्यानं ते मिळालं नाही.

म्हणून पहिला अर्थ लावला जातो तो दिल्लीत नाही, पोलीस ठाण्यात. एफआयआर लिहिणारा अधिकारी ‘कपड्यावरूनच हात लावला ना’ म्हणून नुसतं विनयभंगाचं कलम लावू शकतो, अजूनही. तसं झालं तर ते अंतिम नसतं. निकाल जाहीर होण्याआधी कोणत्याही टप्प्यावर आरोप बदलण्याचा किंवा वाढवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पालकांनी सरकारी वकिलांमार्फत ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेला आणून द्यावी, आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या निकालाची प्रत ठेवावी.